दाढ, भीति आणि गुंगी

"दांत आहेत तर चणे नाहींत, आणि चणे आहेत तर दांत नाहींत," ही म्हण आपल्याकडे घरोघरीं ऐकूं येते. दैवाची विपरीत गति दाखविण्यासाठीं ती योजिली जाते हें खरें. परंतु पुष्कळांचे दांत जातात ते दैवामुळें नव्हे, तर भीतीमुळें, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं. दाढेवर बारीकसा काळा ठिपका दिसतो, थंड पाणी लागलें कीं कळ येते. तरी माणूस "पाहूं पुढें" म्हणून दिवस लोटीत असतो. लवंगेचें तेल लावून होतें, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करून होतात, आणि कळ थांबली कीं रोग गेला असें मानून तो स्वस्थ बसतो. वास्तविक कीड आंत पोंचून दाढेची नस मेल्यामुळें ती कळ थांबलेली असते. पुढें एके रात्रीं गाल सुजतो, ताप भरतो, आणि जी दाढ पहिल्या दिवशीं थोडक्या वेळांत भरून निघाली असती ती उपटून टाकण्याचा प्रसंग येतो.

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याचें असेंच झालें. मुलगा हुशार व खेळकर. पण दिवाळीच्या सुट्टीनंतर तो एकाच बाजूनें घांस चावूं लागला आणि वर्गांत गालाला हात लावून बसूं लागला. विचारलें तर "कांहीं नाहीं, सर," एवढेंच उत्तर. शेवटीं एके दिवशीं तो सुजलेल्या गालानें शाळेंत आला, तेव्हां सर्व उलगडा झाला. दाढ तीन महिने दुखत होती, पण ती गोष्ट त्यानें आईबापांपासून लपविली होती. कारण काय, तर लहानपणापासून घरीं त्याला एकच धाक दाखविला जाई: "दंगा केलास तर दांतांच्या डॉक्टरकडे नेईन, तो मोठी सुई टोंचील!" धाक घालणाऱ्यांच्या मनांत वाईट कांहींच नव्हतें. पण त्या मुलाच्या मनांत दंतवैद्य म्हणजे शिक्षा देणारा माणूस, ही गांठ पक्की बसली होती. आणि शिक्षेच्या दारीं आपल्या पायांनीं कोण जातो? त्याच्या वडिलांच्या विनंतीवरून मी त्या दोघांबरोबर दवाखान्यांत गेलों. तेथें जें पाहिलें, आणि त्यानंतर जें वाचलें व जाणत्यांस विचारून घेतलें, तें आमच्या विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सांगत आहें.

प्रथम तीन शब्दांतील भेद समजून घेतला पाहिजे. आपल्या बोलण्यांत 'भूल देणें' हा एकच शब्द सर्व ठिकाणीं वापरला जातो व त्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो. दाढेजवळ सुई देऊन तेवढाच भाग बधिर करितात, ती बधिरता. तींत माणूस पूर्ण जागा असतो. बोलणें, पाहणें, विचार करणें सर्व चालू असतें, फक्त त्या जागेचें दुखणें मेंदूपर्यंत पोंचत नाहीं. दुसरी स्थिति गुंगीची. हींत मन शांत होतें, डोळे जडावतात, वेळेचें भान सुटतें. परंतु हांक मारली तर रोगी 'ओ' देतो, 'तोंड उघडा' म्हटलें तर उघडतो, आणि श्वास आपला आपण घेतो. तिसरी ती पूर्ण भूल. हींत हांक मारून किंवा चिमटा काढूनही माणूस जागा होत नाहीं, आणि त्याच्या श्वासाची काळजी दुसऱ्या कोणाला तरी वाहावी लागते. येथें एक गोष्ट विसरूं नये. गुंगीनें भीति जाते, पण वेदना जातेच असें नाहीं. म्हणून गुंगी दिली तरी दाढेजवळ बधिर करण्याची सुई बहुधा द्यावीच लागते. फरक इतकाच कीं, त्या सुईचें भय तेव्हां उरत नाहीं.

या सर्व विद्येचा मोठा भाग दंतवैद्याच्या खुर्चींतच जन्मास आला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. इंग्लंडांतील जोसेफ प्रीस्टली यांनीं १७७२ सालीं नायट्रस ऑक्साइड नांवाचा वायु प्रथम तयार केला. पुढें हंफ्री डेव्ही या तरुण रसायनशास्त्रज्ञानें तो वायु स्वतः वारंवार हुंगून पाहिला. अक्कलदाढ येतांना त्याची हिरडी सुजून ठणकत होती; वायु हुंगतांच ती ठणक कमी झाल्याचें त्याला आढळलें. शस्त्रक्रियेच्या वेळीं या वायूचा उपयोग होण्यासारखा आहे, असें त्यानें १८०० सालीं आपल्या ग्रंथांत लिहूनही ठेविलें. परंतु नवलाची गोष्ट ही कीं, पुढें चव्वेचाळीस वर्षें त्या वाक्याकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. तो वायु हुंगला कीं माणसें खदखदां हंसत व वेडेवांकडे नाचत. म्हणून 'हंसविणारा वायु' या नांवानें त्याचे तिकिटें लावून खेळ होऊं लागले. वेदनेवरचा उपाय लोकांच्या डोळ्यांसमोर होता, पण लोक त्याकडे करमणूक म्हणून पाहत होते.

असाच एक खेळ १० डिसेंबर १८४४ रोजीं अमेरिकेंतील हार्टफर्ड गांवीं गार्डनर कोल्टन नांवाच्या गृहस्थांनीं केला. प्रेक्षकांत होरेस वेल्स नांवाचे एक तरुण दंतवैद्य बसले होते. वायु हुंगलेला सॅम्युएल कूली नांवाचा एक मनुष्य उड्या मारतां मारतां बांकावर आपटला व त्याच्या पायाला मोठी जखम झाली. पण तो जागेवर येऊन बसला तेव्हां आपल्याला लागलें आहे हेंही त्याला ठाऊक नव्हतें. शेंकडों लोकांनीं ही गंमत पाहिली असेल. वेल्स यांनीं तींतील अर्थ पाहिला. दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं कोल्टन यांजकडून वायु मागविला, तो स्वतः हुंगला, आणि जॉन रिग्ज या सहव्यवसायी मित्राकडून आपली एक दाढ काढून घेतली. वेदना झाली नाहीं. दुसऱ्यावर प्रयोग करण्यापूर्वीं तो स्वतःवर करून पाहणें, हें त्या मनुष्याच्या थोरपणाचें लक्षण होय.

पुढची हकीकत दुःखद आहे. जानेवारी १८४५ मध्यें वेल्स यांनीं बॉस्टन येथें वैद्यकीच्या विद्यार्थ्यांपुढें आपला प्रयोग करून दाखविला. परंतु वायूची पिशवी वेळेपूर्वीं दूर केली गेली, गुंगी पुरेशी चढली नाहीं, आणि दाढ उपटतांना रोगी ओरडला. सभागृहांत हुर्यो उडाली व वेल्स ढोंगी ठरले. त्यानंतर पावणेदोन वर्षांनीं, १६ ऑक्टोबर १८४६ रोजीं, त्याच शहरांत त्यांचेच एके काळचे शिष्य व भागीदार विल्यम मॉर्टन या दंतवैद्यांनीं ईथर हुंगवून एका रोग्यास भूल दिली; शल्यवैद्यांनीं त्याच्या मानेवरची गांठ कापली, आणि त्यांचें नांव जगभर झालें. वेल्स यांच्या मनाचा तोल ढळला व जानेवारी १८४८ मध्यें न्यूयॉर्क येथें, अवघ्या तेहतीस वर्षांच्या वयांत, त्यांचा करुण अंत झाला. पुढें १८६४ सालीं अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या संघानें या शोधाचें श्रेय त्यांना दिलें. पण तें ऐकण्यास ते हयात नव्हते. त्यांच्या अपयशाचा अर्थ मात्र आज आपणांस स्पष्ट दिसतो. वायु खोटा नव्हता. मात्रा चुकली होती. गुंगीच्या विद्येंत औषधाइतकेंच महत्त्व मात्रेला आहे, आणि मात्रेहूनही अधिक महत्त्व रोग्याजवळ बसून लक्ष ठेवणाऱ्या माणसाला आहे.

वेदनेचा प्रश्न दुसऱ्या वाटेनेंही सुटत होता. १८८४ सालीं व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर होतो हें दाखविलें, आणि लवकरच तें औषध दांतांच्या नसेजवळ टोंचून जबडा बधिर करण्याचे प्रयोग झाले. कोकेन व्यसन लावणारें व घातक. म्हणून जर्मनीच्या आल्फ्रेड आइनहॉर्न यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं प्रोकेन हें अधिक निर्धोक औषध शोधिलें. १९४३ सालीं स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनीं लिडोकेन तयार केलें, आणि आपल्याकडे लिग्नोकेन या नांवानें आज दंतवैद्य बहुधा तेंच वापरतात. हिरडीला आधीं मलम लावून, बारीक सुईनें, हळूहळू तें औषध सोडलें तर टोंचल्याची जाणीव फार थोडी होते. मग दाढ भरतांना यंत्राचा आवाज येतो, दाब कळतो, पण दुखत नाहीं.

वेदना अशी आटोक्यांत आली तर मग गुंगी हवीच कशाला, असा प्रश्न कोणीही करील. त्याचें उत्तर असें कीं, वेदना दाढेंत असते, पण भीति मनांत असते, आणि हिरडी बधिर करणारी सुई मनापर्यंत पोंचत नाहीं. भ्यालेल्या माणसाची छाती धडधडते, अंग आखडतें, आणि साधा स्पर्शही त्याला दुखल्यासारखा वाटतो. कांहींना तोंडांत आरसा घातला कीं उमासे येतात. कांहींचें अंग आजारामुळें सतत कांपत असतें. कांहीं बालकें इतकीं लहान असतात, किंवा त्यांच्या बुद्धीची वाढ इतकी मंद असते, कीं 'हलूं नको' या शब्दांचा अर्थच त्यांना समजत नाहीं. फिरत्या यंत्राजवळ डोकें अचानक हललें तर जीभ किंवा गाल कापला जाण्याचें भय असतें. अशा सर्वांसाठीं गुंगीचा उपाय आहे. ती भित्र्यांची लाज नव्हे, आणि श्रीमंतांची चैनही नव्हे.

तथापि औषधाच्याही आधींची एक पायरी आहे, आणि ती आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतींत मीं प्रत्यक्ष पाहिली. दवाखान्यांतील डॉक्टरबाईंनीं त्याला खुर्चींत बसवून लगेच तोंड उघडण्यास सांगितलें नाहीं. त्यांनीं आधीं आरसा त्याच्या हातांत दिला. पाणी उडविणारी नळी त्याच्या तळहातावर सोडून दाखविली. फिरणारें यंत्र नखावर हलकेंच टेकवून त्याची गुदगुली कशी होते तें त्याला अनुभवूं दिलें. मग म्हणाल्या, "डावा हात वर केलास कीं मी त्या क्षणीं थांबेन. करून बघ." त्यानें हात वर केला, त्या थांबल्या. पुन्हा केला; पुन्हा थांबल्या. आधीं सांगावें, मग दाखवावें, आणि नंतर करावें, अशी ही पद्धति मुलांच्या दंतवैद्यकांत सर्वमान्य आहे. आपला शब्द येथें चालतो असें मुलाला कळलें कीं अर्धें भय तेथेंच संपतें.

राहिलेल्या अर्ध्यासाठीं त्याला नायट्रस ऑक्साइड देण्यांत आला. वेल्स यांचाच तो वायु, पण आतां मोजून मापून दिलेला. नाकावर एक लहानशी मऊ टोपी बसवितात व मुलानें नाकानें श्वास घ्यावयाचा. आरंभीं नुसता प्राणवायु सोडून नंतर नायट्रस ऑक्साइडचें प्रमाण थोडें थोडें वाढवितात. बहुतेकांना शेंकडा ३० ते ५० पुरतो. आपण श्वासांत घेतों त्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. या कामाचीं आधुनिक यंत्रें अशीं बनविलेलीं असतात कीं, मिश्रणांत प्राणवायु शेंकडा ३० च्या खालीं जाऊंच शकत नाहीं. चार-पांच मिनिटांत हातापायांना मुंग्या आल्यासारखें होतें, अंग हलकें वाटतें. आमचा विद्यार्थी मागाहून म्हणाला, "सर, सर्व ऐकूं येत होतें, पण तें दुसऱ्या कोणाचें चाललें आहे असें वाटत होतें." काम संपल्यावर पांचेक मिनिटें केवळ प्राणवायु देतात, आणि गुंगी जशी येते तशीच उतरते. हाच या वायूचा मोठा गुण. मात्र नाक चोंदलेलें असेल तर तो आंत कसा जाणार? म्हणून सर्दीच्या दिवसांत हें काम पुढें ढकलावें लागतें. कानाच्या आंतील भागाचा विकार, डोळ्याची नुकतीच झालेली कांहीं प्रकारची शस्त्रक्रिया, जीवनसत्त्व ब-१२ ची मोठी उणीव, किंवा गर्भारपणाचे पहिले महिने असतील तर तो वायु बहुधा टाळितात.

दुसरा उपाय पोटांत घेण्याच्या औषधाचा. डायझेपॅमची गोळी किंवा मिडॅझोलॅमचें गोड पातळ औषध कामापूर्वीं सुमारें अर्धा तास दिलें जातें. सुई नाहीं, नाकावर टोपी नाहीं, म्हणून तें सर्वांत सोपें वाटतें. परंतु त्यांत एक अडचण आहे. वायूचें प्रमाण क्षणांत कमीजास्त करतां येतें, गिळलेलें औषध परत घेतां येत नाहीं. एकाच मात्रेनें एक मूल शांत होतें, दुसरें गाढ झोपीं जातें, आणि तिसरें उलट चिडून रडूं लागतें. म्हणून हें औषध देखरेखीखालींच द्यावें. घरांतील वडील माणसांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा मुलाला देऊन दवाखान्यांत आणणें हा निव्वळ अविचार होय.

तिसरा उपाय शिरेंतून औषध देण्याचा. हा विशेषतः मोठ्या माणसांसाठीं योजितात, आणि त्याचा अनुभव मीं स्वतः घेतला आहे. माझी अक्कलदाढ हाडांत आडवी रुतली होती. ती हाड कोरून काढावी लागणार होती, आणि खरें सांगावयाचें तर विद्यार्थ्यांना धैर्याचे धडे देणाऱ्या या शिक्षकाचे पाय त्या दिवशीं लटपटत होते. हाताच्या शिरेंत मिडॅझोलॅमचे थोडे थोडे थेंब सोडून, मध्यें थांबून, माझ्याशीं बोलून डॉक्टर मात्रा ठरवीत होते. एक-दोन मिनिटांत मन निवांत झालें. त्यानंतरचें मला आठवतें तें एकदम शेवटचें टांका घालणें. पाऊण तास गेला होता. मला तो पांच मिनिटांचा वाटला. मधल्या वेळांत मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत होतों म्हणे! या औषधाचा गुणच असा कीं, त्या वेळचें पुष्कळसें आठवत नाहीं. भाऊ बरोबर होता, त्यानें घरीं आणलें. संध्याकाळीं मी एका मित्राशीं फोनवर बराच वेळ बोललों. दुसऱ्या दिवशीं त्यांतलें अक्षरही मला आठवत नव्हतें. त्या दिवशीं वाहन चालवूं नये, कोणत्याही महत्त्वाच्या कागदावर सही करूं नये, आणि एकट्यानें राहूं नये, असें डॉक्टरांनीं कां बजावलें होतें तें मला तेव्हां समजलें. माणसाला आपण शुद्धीवर आहों असें वाटतें. पण तें वाटणेंही औषधाच्याच अंमलाखालीं असतें.

शेवटचा उपाय पूर्ण भुलेचा. तो साध्या दवाखान्यांत नव्हे, तर सर्व साधनें असलेल्या रुग्णालयांत, भूलतज्ज्ञाच्या हातूनच व्हावा. आमच्या विद्यार्थ्याचा पांच वर्षांचा धाकटा भाऊ होता. त्याच्या सात दुधाच्या दाढा व दांत किडले होते. "दुधाचे दांत, आज ना उद्यां पडणारच," असें म्हणून घरच्यांनीं तिकडे दुर्लक्ष केलें होतें. परंतु दुधाच्या दांतांखालीं पू झाला तर आंत तयार होत असलेल्या कायमच्या दांतालाही इजा पोंचते, हें त्यांना ठाऊक नव्हतें. इतकें काम जागेपणीं करावयाचें तर त्या बालकाला अनेक वेळां खुर्चींत धरून बसवावें लागलें असतें. म्हणून एकाच वेळीं पूर्ण भूल देऊन सर्व उरकण्याचें ठरलें.

त्या दिवशीं घडलेली गोष्ट प्रत्येक पालकानें लक्षांत ठेवावी अशी आहे. सकाळीं मुलाला उपाशीपोटीं आणावयाचें होतें. साधारणतः घन अन्न व गाईम्हशीचें दूध यांना सहा तास, आईच्या दुधाला चार तास, व साध्या पाण्याला दोन तास लोटलेले असावे लागतात. कारण असें: आपण जागे असतां घांस श्वासनलिकेंत गेला तर ठसका लागून तो बाहेर पडतो, पूर्ण भुलेंत तो ठसकाही निजलेला असतो. पोटांतील अन्न वर येऊन फुप्फुसांत उतरलें तर जिवावर बेततें. हें सर्व वडिलांना सांगितलेलें होतें. भूलतज्ज्ञांनीं विचारलें तेव्हां त्यांनीं "रात्रीपासून कांहीं दिलें नाहीं," असें प्रामाणिकपणें सांगितलेंही. पण भूलतज्ज्ञ तेवढ्यावर थांबले नाहींत. त्या लहानग्यासमोर गुडघे टेकून त्यांनीं हंसत विचारलें, "आज आजीनें काय खाऊ दिला?" मूल आनंदानें म्हणालें, "दूध-बिस्किट!" लेकरूं उपाशी कसें जाईल, म्हणून पहांटे आजीनें मायेनें तें गुपचूप भरविलें होतें. काम त्या दिवशीं रहित झालें. वडिलांना रजा फुकट गेल्याचें वाईट वाटलें. पण कारण समजल्यावर ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. पुढल्या आठवड्यांत तेंच काम निर्विघ्न पार पडलें, आणि त्या वेळीं आजी स्वतः पहांटेपासून स्वयंपाकघराच्या दारांत पहारा देत बसली होती!

आतांपर्यंत उपायांची मांडणी एकापुढें एक अशी केली, त्यावरून गुंगी म्हणजे वेगवेगळ्या पायऱ्यांचा जिना आहे असा कोणाचा समज होईल. वस्तुतः तो जिना नसून घाटाचा उतार आहे. हलकी गुंगी केव्हां गाढ झाली आणि गाढ गुंगी केव्हां पूर्ण भुलेंत उतरली, यांच्या मध्यें कोठेंही दगडी मैल रोंवलेले नसतात. म्हणून उतारावर गाडीला लगाम धरणारा लागतो. गाढ गुंगी किंवा भूल असेल तेव्हां दाढेचें काम करणाराच रोग्याच्या श्वासाकडे पाहील हें शक्य नाहीं. त्यासाठीं दुसरा शिकलेला माणूस हवा. बोटाला लावण्याचा एक लहानसा चिमटा त्याच्या मदतीला असतो. रक्तांत प्राणवायु किती आहे व नाडी किती चालते हें तो सतत दाखवितो. त्यामागील तत्त्व जपानचे ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. मिडॅझोलॅमचा अंमल उतरविणारें फ्लुमॅझेनिल नांवाचें औषधही आहे. पण त्याचा गुण लवकर ओसरतो व गुंगी पुन्हा चढूं शकते, म्हणून तें दिल्यावरही रोग्यास नजरेआड करीत नाहींत. सारांश, ज्या उपायानें काम भागेल त्यांतील सर्वांत सौम्य उपाय निवडावा, आणि निवडलेल्या उपायाच्या पलीकडे रोगी गेला तर त्यास सांवरण्याची तयारी ठेवावी, हा या विद्येचा मुख्य नियम आहे.

पालकांनीं डॉक्टरांस चार प्रश्न विचारण्यास संकोचूं नये: कोणती गुंगी देणार, तीच कां निवडली, गुंगी असतां मुलाकडे लक्ष कोण ठेवणार, आणि अडचण आली तर प्राणवायु व इतर साधनें येथें तयार आहेत काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनीं रागावत नाहीं. तसेंच पालकांनींही कांहीं गोष्टी आपण होऊन सांगाव्या. मूल रात्रीं मोठ्यानें घोरतें काय, घशांतील गांठी वाढल्या आहेत काय, दमा, हृदयविकार किंवा फेंपरें यांचा इतिहास आहे काय, कोणतें औषध चालू आहे, आणि पूर्वीं एखाद्या औषधानें अंगावर पुरळ उठलें होतें काय. वैद्याची, काढ्याची किंवा घरगुती औषधेंही लपवूं नयेत. काम झाल्यावर ओठ व गाल दोन-तीन तास बधिर राहतात; तेवढ्यांत लहान मुलें गंमत म्हणून ओठ चावून जखम करून घेतात. बधिरता उतरेपर्यंत त्यांना चावण्याचें खाणें देऊं नये. गुंगीनंतर घरीं नेतांना मुलाची मान छातीवर पडूं देऊं नये, म्हणजे श्वासाची वाट मोकळी राहते.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हांसही एक सांगणें आहे. दाढ दुखूं लागली तर पहिल्याच दिवशीं घरीं सांगा. भीति वाटत असेल तर तीही सांगा. भीति वाटणें हा गुन्हा नव्हे, ती लपविणें मात्र महागांत पडतें. भीतीवर उपाय आहेत हें आतां तुम्हांस कळलेंच आहे. पण जी भीति डॉक्टरांस ठाऊकच नाहीं तिच्यावर ते उपाय करणार कसे? आणि "कांहीं खाल्लेंस काय?" असें कोणी विचारलें तर त्या पांच वर्षांच्या बालकासारखें खरें तेंच उत्तर द्या. त्या दिवशीं यंत्रें, औषधें व जाणते डॉक्टर सर्व हजर होते. तरी संकट टळलें तें एका लहान मुलाच्या खऱ्या बोलण्यानें.

आमचा तो विद्यार्थी परवां पुन्हा तपासणीसाठीं गेला होता. गाल सुजविणारी ती दाढ, सुदैवानें, मुळांची सफाई करून वांचविण्यांत आली आहे. या खेपेस त्यानें नाकावरची टोपी मागितली नाहीं. खुर्चींत बसतांना त्यानें एकदां डावा हात वर करून पाहिला. डॉक्टरबाई लगेच थांबल्या. तेवढें त्याला पुरलें. त्याच्या घरीं दांतांच्या डॉक्टरांचा धाक आतां कोणी घालीत नाहीं, असें त्याच्या वडिलांनीं मला सांगितलें. इतर घरींही तसेंच होवो, म्हणजे पुष्कळ मुलांना गुंगीच्या औषधाची गरजच पडणार नाहीं, आणि दांत व चणे दोन्हीं एकाच वेळीं त्यांच्या वांट्यास येतील.